परीक्षा आधी, प्रशिक्षण नंतर : भारतातील अंतर्देशीय जलवाहतुकीतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि रोजगाराचा ऐतिहासिक आढावा (१८३४ ते २०२१)

गोषवारा

भारतातील नदीमार्गांवर १८३४ मध्ये नियमित आगबोट सेवा सुरू झाली. १८८४ च्या कायद्याने आगबोटी चालविणाऱ्या सारंग, मास्टर व इंजिन ड्रायव्हर यांच्या परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था केली. तथापि या कर्मचाऱ्यांना शिक्षण देणारी राष्ट्रीय पातळीवरील संस्था स्थापन होण्यासाठी २००४ साल उजाडावे लागले. परीक्षा आणि प्रशिक्षण यांमधील १२० वर्षांच्या या अंतराची कारणे व परिणाम तपासणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे. गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यातील आगबोटी आणि गोव्यातील लोहखनिजाच्या बार्ज या दोन उदाहरणांच्या आधारे, नदीवरील कौशल्य शाळेत नव्हे तर रोजगारात टिकून राहिले आणि रोजगार संपताच ते कौशल्यही लोपू लागले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अंतर्देशीय जलवाहतूक, सारंग, सक्षमता प्रमाणपत्र, नदी आगबोट, बार्ज, रोजगार, प्रशिक्षण.

१. प्रस्तावना

भारतीय वाहतुकीच्या इतिहासलेखनात रेल्वेला मोठे स्थान मिळाले आहे. सागरी जहाजवाहतुकीचा इतिहासही स्वदेशी उद्योगाच्या चळवळीशी जोडला गेल्यामुळे बऱ्यापैकी लिहिला गेला. नदीवरील वाहतूक मात्र या दोहोंच्या मध्ये दुर्लक्षित राहिली. जे थोडे लेखन झाले त्यात कंपन्या, आगबोटींची बांधणी आणि मालाचे प्रमाण यांची चर्चा आढळते. नदीवर बोट प्रत्यक्ष चालविणारा माणूस कोठून आला, तो काम कसे शिकला आणि त्याच्या नोकरीचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

आज या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले आहे. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. शासकीय आकडेवारीनुसार राष्ट्रीय जलमार्गांवरील मालवाहतूक २०१३-१४ मध्ये १ कोटी ८१ लाख टन होती, ती २०२४-२५ मध्ये १४ कोटी ५५ लाख टनांवर गेली. मार्ग घोषित करता येतो, धक्का बांधता येतो, बोट विकत घेता येते. परंतु नदी ओळखणारा सारंग तयार होण्यास अनेक पावसाळे जावे लागतात. म्हणून या मनुष्यबळाचा इतिहास समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब करून कायदे, संस्था आणि रोजगारातील स्थित्यंतरे यांचा कालक्रमाने विचार केला आहे.

२. वाफेचे यंत्र आणि नदीचे ज्ञान (१८२३ ते १८८४)

कलकत्त्याजवळील खिदिरपूर येथे १८२३ मध्ये 'डायना' ही आगबोट पाण्यात सोडण्यात आली. पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात (१८२४-२६) इरावतीच्या पात्रात तिचा उपयोग झाला आणि नदीवर वाफेच्या शक्तीचे लष्करी महत्त्व कंपनी सरकारला पटले. त्यानंतर गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याच्या कारकिर्दीत गंगेवर नियमित सेवा सुरू करण्याचे ठरले. त्यासाठी इंग्लंडमधून लोखंडी आगबोटींचे सुटे भाग आणून त्या कलकत्त्यास जोडण्यात आल्या. या सेवेतील पहिली बोट 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' ही होय. १८३४ पासून कलकत्ता ते अलाहाबाद अशी वाहतूक सुरू झाली. प्रवाहाविरुद्धच्या ज्या प्रवासास देशी नावांना काही महिने लागत, तो आगबोटीने सुमारे तीन आठवड्यांत होऊ लागला.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावयास हवी. गंगेचे पात्र कोरड्या ऋतूत अतिशय उथळ होते. भागीरथीच्या मार्गाने त्या काळात आगबोटी जाऊ शकत नसत व त्यांना सुंदरबनातून वळसा घालावा लागे. म्हणून बोट पाण्यात फारच थोडी बुडावी अशी तिची रचना केलेली होती. प्रवासी व माल यांच्यासाठी वेगळी बोट मागे बांधून ओढली जाई. एवढी काळजी घेऊनही बोट वाळूत रुतणे हा नित्याचा अनुभव होता. यंत्र विलायती होते, यंत्रावरील अभियंता आणि कमांडर युरोपीय होते. पण यंदा वाळूचा दांडा कोठे सरकला आहे, पाण्याच्या रंगावरून व तरंगांवरून खोली कशी ओळखावी, हे ज्ञान नदीकाठच्या नावाड्यांकडेच होते. हातातील बांबूने पाण्याचा तळ चाचपत वाट दाखविणाऱ्या माणसावाचून वाफेच्या यंत्राचा उपयोग नव्हता. याचा अर्थ, नदीवरील आगबोट हा प्रारंभापासूनच दोन प्रकारच्या ज्ञानांचा संयोग होता. त्यांपैकी एक ज्ञान पुस्तकात व कार्यशाळेत होते, तर दुसरे पूर्णतः अनुभवात होते.

१८४४ मध्ये इंडिया जनरल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि १८६२ मध्ये रिव्हर्स स्टीम नॅव्हिगेशन कंपनी या खासगी कंपन्या स्थापन झाल्या. पुढे या दोन्ही कंपन्यांनी परस्पर सहकार्याने कारभार केल्यामुळे त्या 'जॉइंट स्टीमर कंपन्या' म्हणून ओळखल्या गेल्या. गंगेच्या काठाने रेल्वे गेल्यावर वरच्या गंगेवरील आगबोटींचे महत्त्व घटले आणि वाहतुकीचा भर आसामचा चहा व पूर्व बंगालचा ताग यांवर गेला. ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या पात्रांत आगबोटीच्या दोन्ही अंगांना 'फ्लॅट' म्हणजे सपाट तळाच्या मालबोटी बांधून माल नेला जाई.

या बदलाबरोबर कर्मचारी वर्गही बदलला. नोआखाली, चितगाव, सिल्हेट या पूर्व बंगालमधील जिल्ह्यांतून सारंग, सुकाणी व खलाशी मोठ्या संख्येने येऊ लागले. सारंग हा बोटीचा प्रमुख असे. कोकणच्या किनाऱ्यावर तांडेलाला जो मान असतो, तसाच मान त्याला नदीवर होता. आपल्या गावची, नात्यातली मुले त्याने बोटीवर आणावीत. त्यांनी प्रथम दोर, नांगर व स्वयंपाक सांभाळावा. नंतर सुकाणूवर उभे राहावे. आणि बऱ्याच वर्षांनी त्यांपैकी एखाद्याने सारंग व्हावे, अशी ही रीत होती. तिला शाळा म्हणता येणार नाही. परंतु शिक्षणाची ती एक सलग साखळी निश्चितच होती.

३. प्रमाणपत्राचा कालखंड (१८८४ ते १९४७)

आगबोटी वाढल्या तसे अपघातही वाढले. बाष्पकाचा स्फोट, टक्कर आणि बोट बुडणे या घटनांमुळे शासनाला हस्तक्षेप करणे भाग पडले. १८८४ चा अंतर्देशीय आगबोट कायदा हा या हस्तक्षेपातील महत्त्वाचा टप्पा होय. आगबोटीची तपासणी, ती चालविणाऱ्यांची परीक्षा व प्रमाणपत्रे आणि अपघातांची चौकशी ही त्याची मुख्य अंगे होती. त्याची जागा १९१७ च्या अंतर्देशीय आगबोट कायद्याने घेतली. १९७७ मधील दुरुस्तीने त्याचे नाव अंतर्देशीय जलयान कायदा असे झाले आणि अनेक दुरुस्त्यांसह तो शतकाहून अधिक काळ अमलात राहिला.

१९१७ च्या कायद्याने सक्षमता प्रमाणपत्रांची श्रेणी निश्चित केली. बोट चालविण्याच्या बाजूला प्रथम श्रेणी मास्टर, द्वितीय श्रेणी मास्टर व सारंग, तर यंत्राच्या बाजूला इंजिनियर, प्रथम श्रेणी इंजिन ड्रायव्हर व द्वितीय श्रेणी इंजिन ड्रायव्हर अशी ती उतरंड होती. परीक्षक नेमण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे होता. अपघाताच्या चौकशीत दोषी ठरलेल्याचे प्रमाणपत्र निलंबित वा रद्द करता येत असे.

या कायद्याचे दोन परिणाम परस्परविरुद्ध होते. एकीकडे सारंग या पदाला प्रथमच कायदेशीर प्रतिष्ठा लाभली. युरोपीय मास्टरच्या खालोखाल का होईना, पण नदीवर वाढलेल्या भारतीय माणसाचे कौशल्य राज्यसंस्थेने कागदावर मान्य केले. दुसरीकडे, हे कौशल्य निर्माण करण्याची कोणतीही जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकली नाही. परीक्षक माणूस तपासत असे. तो तयार कोणी करावा, याविषयी कायदा मौन बाळगून होता. कंपन्यांनाही ही स्थिती सोयीची होती. सारंग आपल्या खर्चाने व आपल्या माणसांतून कर्मचारी तयार करीत असल्याने प्रशिक्षणाचा भार त्यांच्यावर येत नव्हता.

या व्यवस्थेची किंमत खलाशाला मोजावी लागत होती. ज्याच्या हाती शिक्षण त्याच्याच हाती नोकरी असल्यामुळे सारंगाची मर्जी हाच खलाशाच्या भवितव्याचा आधार होता. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरने भारतीय उद्योगांतील मुकादमांमार्फत होणाऱ्या भरतीवर आणि खलाशांच्या भरतीतील दलालीवर कठोर टीका केली. मध्यस्थाला दूर सारावयाचे तर त्याने पार पाडलेले शिक्षणाचे कार्य दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावयास हवे होते. नदीवर तसे घडले नाही.

४. समुद्रासाठी शाळा, नदीसाठी नाही

याच काळात सागरी क्षेत्रात वेगळे चित्र दिसते. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होता यावे ही मागणी पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रीय स्वरूपाची झाली. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी स्थापन केल्यानंतर या मागणीस आर्थिक आधारही मिळाला. कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन मर्कंटाइल मरीन कमिटीने प्रशिक्षण जहाजाची शिफारस केली आणि १९२७ मध्ये मुंबई बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत नॉटिकल व इंजिनियरिंग महाविद्यालय निघाले. पुढील काही वर्षांत सामान्य खलाशांसाठीही 'भद्रा', 'मेखला' व 'नौलक्षी' ही प्रशिक्षण जहाजे कार्यान्वित झाली.

नदीसाठी अशी मागणी का उभी राहिली नाही, याची तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे सागरी अधिकाऱ्याचे पद मध्यमवर्गीय सुशिक्षित तरुणाच्या आकांक्षेचा विषय होते. सारंगाचे पद तसे नव्हते. दुसरे म्हणजे समुद्रावरील जहाज परदेशी बंदरात जात असल्याने तेथील नियमांची पूर्तता करणे अपरिहार्य असे. पुढे खलाशांचे प्रशिक्षण व प्रमाणीकरण यांविषयी १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार झाल्यावर हे बंधन अधिकच दृढ झाले. नदीवरील बोटीवर असे बाहेरचे दडपण कधीच नव्हते. तिसरे कारण अधिक मूलभूत आहे. नदीचे ज्ञान हे 'ज्ञान' आहे असे शिक्षणव्यवस्थेने मानलेच नाही. ब्रह्मपुत्रेवर पाणी ओसरल्यावर बांबूचे व चटयांचे आडोसे तिरके उभारून प्रवाह एका बाजूला वळवावयाचा, म्हणजे त्याच्या वेगानेच गाळ वाहून जाऊन वाट खोल होते. 'बांदाल' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत गंगा-ब्रह्मपुत्रेवर दीर्घकाळ वापरात आहे. जलगतिशास्त्राचे हे उत्तम उदाहरण असूनही ते करणाऱ्या हातांना अकुशल मजूर समजले गेले.

५. साखळी तुटते : फाळणी, १९६५ आणि महामंडळ

१९४७ च्या फाळणीने बंगाल व आसाममधील नदीमार्ग दोन देशांत विभागले. कलकत्त्याहून आसामला जाणारी बोट पूर्व पाकिस्तानातून जाऊ लागली. ज्या जिल्ह्यांतून सारंग व खलाशी येत, ते बहुतांशी सीमेपलीकडे गेले. कंपन्यांची कार्यालये एका देशात आणि कौशल्याचे उगमस्थान दुसऱ्या देशात अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. तरीही वाहतूक चालू राहिली.

सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात हा मार्ग बंद झाला आणि पूर्व पाकिस्तानच्या हद्दीतील बोटी अडकून पडल्या. आधीच डबघाईस आलेल्या रिव्हर्स स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला हा आघात सोसला नाही. १९६७ मध्ये तिचा कारभार नव्याने स्थापन झालेल्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाकडे आला. न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार जुन्या कर्मचाऱ्यांपैकी शक्य तितक्यांना सामावून घ्यावयाचे व उरलेल्यांना भरपाई द्यावयाची असे ठरले. १९७२ च्या भारत-बांगलादेश करारामुळे मार्ग पुन्हा खुला झाला. परंतु मधल्या सात वर्षांत चहा व ताग यांची बरीचशी वाहतूक रेल्वे व रस्त्याकडे गेली होती.

या महामंडळातील नोकरीचे स्वरूप एका गाजलेल्या खटल्यामुळे सर्वांसमोर आले. महामंडळाच्या १९७९ च्या सेवा नियमांतील नियम ९ (i) नुसार कायम कर्मचाऱ्यालाही तीन महिन्यांची नोटीस वा तेवढा पगार देऊन, कारण न सांगता, कामावरून दूर करता येत असे. जुन्या कंपनीतून महामंडळात आलेले ब्रजनाथ गांगुली यांची सेवा १९८३ मध्ये या नियमाने संपविण्यात आली. ६ एप्रिल १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम अन्यायकारक व म्हणून रद्दबातल ठरविला. कर्मचारी व बलाढ्य नियोक्ता यांची सौदाशक्ती समान नसते आणि अशा स्थितीत लादलेली अट करार म्हणून पवित्र मानता येत नाही, हे या निकालाचे सार होय. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दि. पि. मादन यांनी हा निकाल लिहिला. भारतीय कामगार कायद्याच्या अभ्यासात तो आजही मूलभूत मानला जातो. मात्र तो नदीवरील एका मोडकळीस आलेल्या उद्योगातून निर्माण झाला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. गांगुली हे लेखा विभागातील अधिकारी होते. कागदोपत्री कायम असलेल्या अधिकाऱ्याची ही अवस्था, तर बोटीवरील खलाशाची काय असेल, याची कल्पना यावरून येते.

महामंडळ कधीच सक्षमपणे उभे राहिले नाही. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते विसर्जित करण्यास मान्यता दिली. १८४४ पासूनच्या परंपरेचा तो औपचारिक शेवट होता. सारंगाच्या हाताखाली सारंग घडविणारी बोटच राहिली नाही, तेव्हा परीक्षा घेण्याचा कायदा शाबूत असूनही परीक्षेला बसणारा अनुभवी माणूस दुर्मीळ झाला.

६. गोव्याचे उदाहरण : बार्जवरील रोजगार

देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर याच काळात उलट प्रक्रिया घडत होती. गोव्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिजाची निर्यात वाढत गेली. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या जेटीपर्यंत, तेथून बार्जने मांडवी व जुवारी नद्यांतून मुरगाव बंदरापर्यंत किंवा बाहेर नांगरलेल्या जहाजापर्यंत, अशी ही साखळी होती. देशात इतरत्र नदीवाहतूक क्षीण झाली असताना गोव्यातील या दोन नद्यांवर आधुनिक, यंत्रचलित व व्यापारी तत्त्वावरील वाहतूक भरभराटीस आली. बार्ज बांधणारे कारखानेही गोव्यातच उभे राहिले.

येथेही नदीचे ज्ञान अनुभवातूनच येत होते. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा व उसळता समुद्र यांमुळे वाट बंद होई. त्या काळात बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत नेल्या जात. अरुंद व वळणाच्या त्या कालव्यातून भरलेली बार्ज भरतीच्या वेळा साधून काढणे हे सारंगाच्या कौशल्याचे काम होते. मात्र गोव्यात एक अनुकूल बाब होती. नौकानयनाचे नियमन करणाऱ्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याचे ब्रिटोना येथे स्वतःचे प्रशिक्षण विद्यालय असल्याने अनुभव, शिक्षण व परीक्षा ही तिन्ही एकाच नदीच्या परिसरात उपलब्ध झाली.

२०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी लोहखनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. त्यानंतर बेकायदा खाणकामाच्या प्रश्नावरून सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. एप्रिल २०१४ मध्ये वार्षिक मर्यादा घालून खाणकामास परवानगी मिळाली. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यामुळे मार्च २०१८ पासून ते पुन्हा बंद पडले. पर्यावरण व कायदा या दृष्टींनी या निर्णयांची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. तथापि एकाच मालावर अवलंबून असलेल्या नदीवरील रोजगाराचे काय झाले, हा प्रश्न त्याने मिटत नाही. बार्ज नदीकाठी उभ्या राहिल्या, काही मोडीत गेल्या, काही अन्यत्र गेल्या. गोव्यात प्रशिक्षणाची सोय होती, प्रमाणपत्रे होती. पण काम नव्हते.

बंगालमध्ये रोजगाराबरोबर प्रशिक्षणाची परंपरा संपली, तर गोव्यात प्रशिक्षण असूनही रोजगार टिकला नाही. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवल्यास प्रशिक्षण व रोजगार यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे स्पष्ट होते. या संदर्भात रायगड जिल्ह्यातील अंबा नदी व धरमतर खाडीचे उदाहरण लक्षणीय आहे. राष्ट्रीय जलमार्ग क्र. १० असलेल्या या मार्गावर डोलवी येथील पोलाद कारखान्यासाठी कच्च्या मालाची मोठी वाहतूक बार्जने होते. एका राज्यात काम थांबले असता त्याच प्रकारचे काम शेजारच्या राज्यात वाढत होते. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रमाणपत्राला व अनुभवाला सर्वत्र सारखी मान्यता असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात येते.

७. राष्ट्रीय संस्था आणि नवा कायदा (१९८६ ते २०२१)

स्वातंत्र्योत्तर काळात नदीवाहतुकीचा विचार अनेक समित्यांनी केला. बी. के. गोखले यांच्या अध्यक्षतेखालील समिती (१९५९), भगवती समिती (१९७०) आणि राष्ट्रीय परिवहन धोरण समिती (१९८०) या त्यांपैकी प्रमुख होत. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण अस्तित्वात आले आणि अलाहाबाद ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्र. १ झाला. १९८८ मध्ये ब्रह्मपुत्रेवरील सदिया-धुब्री (८९१ किलोमीटर) व १९९३ मध्ये केरळमधील पश्चिम किनारा कालवा यांची भर पडली.

फेब्रुवारी २००४ मध्ये प्राधिकरणाने पाटणा येथे राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था स्थापन केली. नव्याने येणाऱ्या खलाशांपासून सारंग, मास्टर व इंजिन ड्रायव्हर यांच्यापर्यंतचे अभ्यासक्रम तेथे सुरू झाले. १८८४ मध्ये परीक्षा सुरू करणाऱ्या राज्यसंस्थेने १२० वर्षांनी शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली, असा याचा अर्थ होतो.

यानंतरचा टप्पा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा होय. २०२२ मध्ये तो अमलात आला आणि १९१७ चा कायदा रद्द झाला. राज्यांनी केलेल्या वेगवेगळ्या नियमांऐवजी संपूर्ण देशासाठी एक कायदा, बोटीची नोंदणी सर्व राज्यांत ग्राह्य, कर्मचाऱ्यांची पात्रता, प्रशिक्षण व परीक्षा यांचे किमान निकष केंद्राने ठरवावयाचे व प्रमाणपत्रे राज्यांनी द्यावयाची, बोटीवर किमान किती व कोणते कर्मचारी असावेत याचे बंधन, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये आहेत. प्रशिक्षण हा शब्द परीक्षेच्या जोडीने कायद्यात आला, ही इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे.

केवळ कायद्याने प्रश्न सुटत नाही, याची आठवण अपघात करून देतात. जानेवारी १९२४ मध्ये केरळमधील पल्लना येथे 'रिडीमर' ही बोट उलटून मल्याळी महाकवी कुमारन आशान यांचा अंत झाला. जुलै २००२ मध्ये कुमरकमजवळ वेंबनाड सरोवरात प्रवासी बोट बुडून २९ जण मरण पावले. मे २०२३ मध्ये, म्हणजे नवा कायदा आल्यानंतर, तानूर येथे मासेमारीच्या बोटीत फेरफार करून तयार केलेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जणांचा बळी गेला. तिच्यावर क्षमतेहून अधिक माणसे होती. बोट भरली असता मालकाला 'नाही' म्हणण्याचे धैर्य हेही सारंगाच्या कौशल्याचे अंग आहे. आणि ज्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याला हे धैर्य दाखविणे कठीण असते. सुरक्षितता, प्रशिक्षण आणि नोकरीची शाश्वती यांचा संबंध येथे प्रत्यक्ष दिसतो.

८. तुलनात्मक दृष्टी : राइन आणि मेघना

युरोपातील राइन नदी अनेक देशांतून वाहते. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेतून तिच्यासाठी मध्यवर्ती आयोग निर्माण झाला आणि १८६८ च्या मानहाइम कराराने नदीवरील नियमांची सामाईक चौकट घातली. जर्मनीमध्ये नदीवरील नावाड्याचा व्यवसाय हा तीन वर्षांच्या उमेदवारीचा मान्यताप्राप्त व्यवसाय असून उमेदवार आलटून पालटून बोटीवर व शाळेत शिकतो. कर्मचाऱ्याजवळ सेवा-पुस्तिका असते. तीत त्याने कोणत्या बोटीवर, नदीच्या कोणत्या पट्ट्यात, किती दिवस काम केले याची नोंद होते आणि पुढील प्रमाणपत्रासाठी ती पुरावा ठरते. युरोपीय संघाच्या २०१७ च्या निर्देशाने ही प्रमाणपत्रे व सेवा-पुस्तिका सदस्य देशांत परस्परमान्य करण्याची व्यवस्था केली.

शेजारच्या बांगलादेशात सारंगांची जुनी परंपरा टिकून राहिली, कारण तेथे नदीवाहतूक थांबली नाही. तेथील अंतर्देशीय जलवाहतूक प्राधिकरणाचे डेक कर्मचाऱ्यांसाठीचे प्रशिक्षण केंद्र नारायणगंज येथे, म्हणजे जुन्या आगबोट वाहतुकीच्या एका प्रमुख ठिकाणीच आहे. राइन व मेघना यांच्या परिस्थितीत मोठे अंतर असले तरी दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. शाळा वाहत्या रोजगाराच्या काठावर उभी आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) भारतात नदीवरील कौशल्याचे प्रमाणीकरण १८८४ पासून झाले, परंतु त्याचे शिक्षण राष्ट्रीय पातळीवर २००४ पर्यंत बोट, सारंग व गाव यांवरच सोपविलेले राहिले.

(२) या अनौपचारिक शिक्षणाची परंपरा रोजगारावर उभी होती. १९४७ व १९६५ च्या राजकीय घटनांनी पूर्वेकडील रोजगार खंडित होताच कौशल्याचे हस्तांतरणही थांबले.

(३) गोव्याच्या उदाहरणावरून असे दिसते की, प्रशिक्षणाची सोय असली तरी एकाच मालावर विसंबलेला रोजगार कर्मचाऱ्याला स्थैर्य देऊ शकत नाही. त्यासाठी त्याचे प्रमाणपत्र व अनुभव दुसऱ्या नदीवर, दुसऱ्या राज्यात ग्राह्य धरले जाणे आवश्यक आहे.

(४) २०२१ च्या कायद्याने एकसारख्या निकषांचा पाया घातला आहे. त्यास प्रत्येक कर्मचाऱ्याच्या प्रत्यक्ष सेवेची नोंद ठेवणाऱ्या विश्वसनीय पुस्तिकेची जोड मिळाल्यास अनेक वर्षे बोटीवर काम केलेल्या, पण शालेय शिक्षण अपुरे असलेल्या खलाशाचे ज्ञान वाया जाणार नाही.

(५) जुन्या सारंगांपैकी जे हयात आहेत त्यांना केवळ परीक्षार्थी न मानता शिक्षक म्हणून प्रशिक्षण संस्थांशी जोडून घेणे इष्ट ठरेल. नदीचा नकाशा दरवर्षी बदलतो. तो वाचण्याची रीत मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे द्यावी लागते.

१८३४ मध्ये वाफेच्या यंत्राला गंगेची वाट दाखविणाऱ्या नावाड्याचे नाव कोणत्याही कागदावर उरले नाही. त्यानंतर पन्नास वर्षांनी त्याच्या वारसदाराला परीक्षा मिळाली, आणखी १२० वर्षांनी शाळा मिळाली. त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला नदीवर कायमचे व सन्मानाचे काम मिळते किंवा नाही, यावरच भारतातील अंतर्देशीय जलवाहतुकीच्या पुनरुज्जीवनाचे यश ठरणार आहे.